प फ ब भ म

१२ फेब्रुवारी, गुरुवार

माझं तोंड बंद करण्यात आलं आहे. वरचे दात आणि खालचे दात बारीक तारांनी एकमेकांना बांधून टाकलेत, कुंपण घालतात तसे. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, डाव्या गालाचं हाड आत गेलं होतं आणि खालचा ओठ डावीकडून पार उसवला होता. हाडांना पट्ट्या आणि स्क्रू लावलेत, ओठ शिवलाय. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी मान हलवली. कुणाचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकायची माझी ही पहिलीच वेळ.

नर्सने वही दिलीय. काय हवं ते लिहून मागायला. मागच्या पानांवर 'पाणी', 'दुखतंय', 'पंखा कमी' असलं लिहिते. पुढची पानं माझी.

कसं झालं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे विचारणाऱ्याच्या हातात वही देता येईल. मी बसस्टँडवर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कुणाचं पोर चौकशी खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं सगळ्या स्टँडला माझ्या आवाजात कळतं. त्या दिवशी एका ड्रायव्हरने गाडी दोन फलाटांवर मिळून आडवी लावली. या माणसाला सगळे 'हॉर्न' म्हणतात, कारण गाडी उभी असली तरी तो वाजवत बसतो. त्याला जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी केबिनमधून उतरून गेले. तो गाडीच्या पोटातली सामानाची डिकी उघडत होता. झाकण अडकलं होतं, त्याने लाथ घातली आणि झाकण सुटलं ते थेट माझ्या तोंडावर. मी वाक्याच्या मध्यावर होते.

१५ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर 'आपण'वाले आहेत. 'आज आपण सूज बघू.' 'आपल्याला थोडं दुखेल.' सूज माझी, दुखणार मला, यांचा हिस्सा नक्की कुठला ते कळत नाही.

आज त्यांनी सासूबाईंना बोलावून एक पक्कड दिली. तारा कापायची. 'ह्यांना उलटी झाली किंवा श्वास अडकला तर वाट बघायची नाही. मधल्या या तारा कापायच्या आणि तोंड उघडायचं. ही पक्कड कायम जवळ पाहिजे.' सासूबाईंनी पक्कड उघडून-मिटून पाहिली, पिशवीतून नाडी काढली, पक्कड त्यात ओवली आणि गळ्यात घातली. आता वायरमनसारख्या दिसतात.

माझ्या तोंडाची किल्ली सासूच्या गळ्यात. जगातल्या समस्त सासवांनी ही कल्पना ऐकली तर पंचाईत होईल.

सासूबाईंबद्दल थोडं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. पाहुणा निघून जावा आणि त्याची पिशवी आपल्याकडे राहावी, तशा त्या माझ्याकडे राहिल्या. मूलबाळ आम्हाला नव्हतं. दोन खोल्यांत आम्ही दोघी, आणि रोज एक भांडण. नळ नीट बंद न करण्यावरून, टीव्हीच्या आवाजावरून, विषय संपले तर विषय का संपले यावरून. मला त्यात रस आहे असं नाही. पण पूर्ण कोरडा दिवस गेला तर झोप नीट लागत नाही, हे खरं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घरी आले. सगळं जेवण मिक्सरमधून. भाज्या कुठल्याही घाला, फिरवल्यावर रंग एकच येतो, पावसाळी पोत्याचा. सिरिंजला रबरी नळी लावून ती गालाच्या आतून मागे सरकवायची आणि ढकलायचं. ओठ बधिर आहे, त्यामुळे निम्मं आत जातं आणि निम्मं हनुवटीवरून खाली येतं. मला पत्ताच नसतो. सासूबाई फडकं घेऊन समोर बसतात आणि भिंत पुसावी तशी हनुवटी पुसतात.

शेजारच्या दुकानातून मी एक पाटी आणवली. ठरवलं होतं की उत्तरं तिच्यावर लिहायची. सकाळी त्या म्हणाल्या, 'हॉस्पिटलात राहून वजन उतरलंय, चांगलंच झालं म्हणा.' मी ताबडतोब पाटीवर चांगलं खणखणीत उत्तर लिहिलं आणि समोर धरलं.

'चष्मा कुठे गेला कोण जाणे,' त्या म्हणाल्या.

चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. मी बोटाने दाखवला.

'तो जुना आहे. त्यातून दिसत नाही.'

दिवसभर हेच. पेपर वाचताना दिसतं, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं दिसतात, माझी पाटी तेवढी दिसत नाही. 'काय असेल ते तोंडाने सांग,' म्हणतात. तोंडाने. तारा घातलेल्या बाईला. डॉक्टर आणि त्या निघताना दारात काय खुसफुसत होते ते मला ऐकू आलं नाही, पण दोघांची चांगली गट्टी जमलेली दिसते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हॉर्न भेटायला आला. दोन किलो सफरचंदं घेऊन. दात बांधलेल्या बाईकडे सफरचंदं. खुर्चीच्या टोकावर बसला, टोपी हातात फिरवत राहिला आणि माझ्या तोंडाकडे सोडून सगळीकडे बघत राहिला.

'ताई, तुम्ही चार शिव्या द्या, म्हणजे मला बरं वाटेल,' म्हणाला.

मी वही घेतली. खूप सुचत होतं. पण लिहायला लागलं की शिवी पातळ होते, शुद्धलेखन आड येतं. शेवटी 'गाडी नीट लावत जा' एवढंच लिहिलं. ते वाचून त्याचे डोळे भरून आले. मग मला अवघडल्यासारखं झालं आणि मी झोपेचं सोंग केलं.

तो गेल्यावर सासूबाईंनी माझ्यासमोर बसून एक सफरचंद खाल्लं. कुर्रम कुर्रम. दुसरं किसून, शिजवून, गाळून सिरिंजमध्ये भरलं. त्याला सफरचंदाची चव होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कसली तरी चव.

२ मार्च, सोमवार

आज दुपारी ताकदीचं औषध घेताना ठसका लागला. औषध नाकात गेलं, उलटीची उबळ आली आणि तोंड उघडता येईना. उघडता येत नाही हे मला रोजच माहीत होतं, पण आज कळलं. हात हवेत मारत होते. सासूबाई पक्कड काढून समोर उभ्या. त्यांनी एका हाताने माझी मान पुढे वाकवली आणि दुसऱ्या हाताने माझा ओठ वर उचलला. 'नाकाने घे. हळू. सोड. पुढे वाक, येऊ दे बाहेर. नाकाने.' पक्कड तारेला टेकली होती. लोखंड दातांवर कटकट वाजत होतं.

औषध दातांच्या फटीतून बाहेर आलं. श्वास आला. पक्कड चालवावी लागली नाही.

त्यानंतर त्या मोरीत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच. पाणी फुकट घालवू नका म्हणून मला दिवसातून दहादा ऐकवणारी बाई.

५ मार्च, गुरुवार

आज हाक मारली. दातांच्या मागून आवाज काढता येतो, सवय करायला हवी एवढंच. दूध उतू चाललं होतं आणि त्या गॅलरीत. 'सासूबाई' म्हणायला गेले तर मधला ब कुठे येतोय, त्याला ओठ लागतात. नुसतं 'सासूआई' असं काहीतरी होतं आणि शेवटचं तेवढंच मोठ्याने निघतं. मग सरळ तेवढंच म्हटलं. 'आई.'

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना सासूबाईच म्हणते. माझी आई माझ्या गावी चांगली ठणठणीत होती, तिचं नाव दुसरीला देण्याचं कारण नव्हतं. ती गेली तेव्हा सवय पडून गेली होती.

सासूबाई आत आल्या, गॅस बंद केला आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. 'काय म्हणालीस,' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'दूध,' आणि पातेल्याकडे बोट दाखवलं. त्या पाठ फिरवून ओटा पुसत राहिल्या. दुधामुळे चिडल्या असणार.

१८ मार्च, बुधवार

तारा काढल्या. मला वाटलं होतं, कुलूप निघालं की दार धाडकन उघडेल. कसलं काय. डॉक्टर म्हणाले, 'आता आपण तोंड उघडू.' त्यांचं उघडलं. माझं एक बोट जाईल एवढंच, तेही करंगळी. आतले स्नायू इतके दिवस झोपा काढून आखडले आहेत म्हणे.

मग आरसा दिला. इतके दिवस मी मुद्दामच पाहिला नव्हता, घरीही. डावा गाल उजव्यापेक्षा थोडा सपाट, हनुवटीवर लाल रेघ आणि खालचा ओठ डावीकडून सैल. हसून पाहिलं तर उजवी बाजू हसली आणि डावीने लक्षच दिलं नाही. एका ऑफिसात दोन कारकून असतात, एक काम करतो आणि दुसरा खिडकीबाहेर बघतो, तसं.

'ही शीर दुखावली आहे, तुटलेली नाही,' डॉक्टर म्हणाले. 'येईल. काही महिने लागतील. पूर्ण येईलच असं आपण आज सांगू शकत नाही.'

सासूबाई म्हणाल्या, 'आपण नका सांगू. ती करेल.' आणि गळ्यातली पक्कड काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

२६ मार्च, गुरुवार

तोंड उघडायचा व्यायाम आइसक्रीमच्या काड्यांनी करायचा असतो. सपाट काड्या एकावर एक रचून दातांत सरकवायच्या, तशाच धरायच्या आणि थोड्या दिवसांनी मध्ये आणखी एक घुसवायची. डोळ्यांतून पाणी येतं. बसच्या टायरखाली लाकडी ठोकळे घालतात त्याची मला फार आठवण येते.

ओठांसाठी वेगळी मुलगी आहे. तिला मी मनात फुंकरताई म्हणते, कारण ती सारखी फुंकायला लावते. कापूस उडव, नळीने पाण्यात बुडबुडे काढ, गाल फुगव. गाल फुगवला की डावीकडून हवा फुस्स. तिने मला सांगितलं की माझी गेलेली अक्षरं मोजकीच आहेत. क, च, ट, त सगळे शाबूत. गेलेत ते फक्त प, फ, ब, भ, म, कारण त्यांना ओठांची घट्ट मिठी लागते. एवढं बोलून तिने मला वाक्य दिलं. 'मामाने बाबांचा पंप फोडला.'

मी म्हटलं, 'आआने वावांचा हंह होडला.'

ती हसली नाही. शिकलेली मुलगी आहे. सासूबाई मात्र हसल्या, इतक्या की फुंकरताईने त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

मोजकी अक्षरं. माझी सगळी नोकरी त्यांच्यातच आहे हे तिला कुठे माहीत. प्रवाशांनी, फलाट, बस, क्रमांक, पाच. घरी आल्यावर हॉर्नचा निरोप मिळाला. साहेबांनी, म्हणजे आमच्या स्टँडच्या मॅनेजरने, माझ्या केबिनमध्ये मशीन बसवलंय. त्यात एका बाईचा आवाज भरलेला आहे. बटण दाबलं की बोलते. हॉर्न म्हणाला, तिचा प फार स्वच्छ आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

सासूबाई माझी नक्कल करतात. आज रंगेहाथ पकडलं. मी अंघोळीहून आले तर कपाटाच्या आरशासमोर उभ्या. ओठांचा चंबू करतायत, गाल फुगवतायत, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. त्यांच्या कवळीमुळे फारच भीषण दिसत होतं. मला पाहून त्यांनी पदराने आरसा पुसायला घेतला.

'आझी नक्कल करताय,' मी म्हटलं.

'हवा खालच्या ओठातून जात नाही, कोपऱ्यातून जाते,' त्या म्हणाल्या. 'कोपरा बोटाने दाबून धर आणि मग फुगव.'

चिडवून वर शिकवणं. मी चिडून कोपरा दाबून गाल फुगवला. हवा राहिली. याचं श्रेय त्यांना द्यायचा प्रश्नच नाही, फुंकरताई पुढच्या वेळी सांगणारच होती.

आणखी एक. हल्ली त्या रोज दुपारी जेवून 'पाय मोकळे करायला' जातात आणि संध्याकाळी येतात. पाय एवढे कसले आखडतात. परवा म्हणाल्या, मशीनने आज घाटातल्या गाडीचा फलाट चुकीचा सांगितला, पन्नास माणसं इकडून तिकडे पळाली. मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. म्हणाल्या, गावभर चर्चा आहे. गावभर म्हणजे कुठे, ते काही बोलल्या नाहीत. बागेत म्हाताऱ्यांचा कट्टा आहे, तिथे सगळ्या बातम्या पोचतात.

९ एप्रिल, गुरुवार

आज रडले. कारण काही विशेष नाही. दुकानात ब्रेड मागायला गेले, दुकानदाराने तीनदा विचारलं, शेवटी मी बोटाने दाखवला. मागे उभ्या असलेल्या बाईने तिच्या मुलीला जवळ ओढून घेतलं. मला वेडी समजली, का दारू प्यायलेली, कोण जाणे. मी आयुष्यभर हजारो माणसांना सांगत आले की तुम्ही कुठे जा, आणि आज मला ब्रेड सांगता आला नाही.

रडतानाही डावा ओठ खाली येत नाही. अर्धंच रडू येतं. त्याचंही हसू आलं, तेही अर्धं.

मशीन सुट्टी मागत नाही, उलट बोलत नाही, डिकीच्या झाकणासमोर जाऊन उभं राहत नाही. साहेबाने मला परत का घ्यावं, याचं एकही चांगलं कारण आज सुचलं नाही. असंच लिहून ठेवते.

२२ एप्रिल, बुधवार

नणंदेचा फोन. ती लांबच्या गावी असते, गाडीने पाच तास. सासूबाई गॅलरीत बोलत होत्या. त्यांना वाटतं गॅलरी म्हणजे परदेश.

'येते गं. हो, कायमची येते, तू खोली रंगवून ठेवलीस ना. पण हिचं तोंड एकदा मार्गी लागू दे. अशा अवस्थेत टाकून कशी येऊ.'

म्हणजे दिवस मोजणं चाललंय. मी बरी झाले की सुटल्या. मला काय, दोन खोल्या मला एकटीला ऐसपैस होतील. टीव्ही माझ्या आवाजात लागेल. नळ मी वाटेल तेवढा गळका ठेवीन.

आज काड्यांचा व्यायाम केला नाही. कंटाळा आला.

६ मे, बुधवार

ब आला.

काय झालं कळलं नाही. सकाळी बुडबुड्यांचा व्यायाम करत होते. नळी तोंडातून काढली आणि सहज ओठ मिटून उघडले, तर मधोमध छोटासा फटाका वाजल्यासारखा आवाज. ब. परत. ब. बस. बशी. बादली. घरात हिंडून ज्याच्या नावात ब आहे त्या सगळ्या वस्तूंना हात लावून आले. प थोडा हवा सोडतो, म जरा नाकात राहतो, पण ब पक्का.

मग स्वयंपाकघरात जाऊन तोंड भरून म्हटलं, 'सासूबाई.'

त्या भांडी लावत होत्या. 'नाही आलं नीट,' म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं. 'सासूबाई.'

'हवा जातेय.'

'कुठे हवा जातेय? सासूबाई. सासू. बाई.'

'मला तर व ऐकू येतो बाई.' असं म्हणून पातेलं आपटलं.

मी फुंकरताईला फोन लावून ऐकवलं. ती म्हणाली, ब अगदी स्वच्छ आहे, अभिनंदन. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणतात, 'फोनवर काय कळतंय. तू आपली सोपं आहे तेच म्हण अजून. ओठाला ताण नको.' एका अक्षरासाठी कुठे वाद घालत बसू. त्यांच्यासाठी आईच ठेवते. इतक्या दिवसांत जिभेलाही तेच वळण पडलंय.

१४ मे, गुरुवार

साहेबांना भेटायला गेले. ओढणी हनुवटीपर्यंत घेऊन गेले होते. फाटकातून आत शिरल्याबरोबर हॉर्नने हॉर्न वाजवला, मग बाकीच्यांनीही, आणि सगळा स्टँड माझ्याकडे बघायला लागला. मग ओढणी काढून टाकली. उगाच घाम येत होता.

साहेब मान खाली घालून म्हणाले, 'हे बघा, माझी तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. पण आवाज लोकांना कळायला पाहिजे.'

'ऐकून बघा आणि मग ठरवा,' मी म्हटलं.

केबिनमध्ये मशीनबाई माझ्या टेबलावर बसलेली. तिचं बटण बंद केलं, माईक ओढला. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्या.' प्र म्हणताना माईकमध्ये फट् असा आवाज झाला आणि बाकावरचा एक झोपलेला माणूस उठून बसला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही साहेबांकडे पाहिलं. हवा डावीकडून सुटते. मग डोकं थोडं वळवलं, माईक तोंडाच्या उजव्या कोपऱ्यापाशी आणला आणि पुन्हा म्हटलं. प्रवाशांनी. फलाट क्रमांक पाच. फट् नाही. आवाज आधीपेक्षा जरा जाड आहे, म गुणगुणल्यासारखा येतो. पण पाचवर उभी असलेली माणसं पिशव्या उचलून उठली. त्यांना कळलं.

साहेबांनी काचेतून त्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, 'एक तारखेपासून या. महिनाभर बघू. मशीन काढणार नाही, पण बंद ठेवतो.' मी उठले तसे पुढे म्हणाले, 'आणि तुमच्या सासूबाईंना सांगा, आता रोज यायची गरज नाही.'

'कोण?'

'सासूबाई. रोज दुपारी या समोरच्या बाकावर असतात. मशीनने एक चूक केली की लगेच माझ्या ऑफिसात. परवा सगळ्या कंडक्टरांना घेऊन आल्या. मला जेवू देत नाहीत हो.'

म्हणजे ते पाय मोकळे करणं हे होतं. मला घराबाहेर काढून मोकळं व्हायची बाईला केवढी घाई. एवढ्या उन्हात चालत, रोज. संध्याकाळी मी सांगितलं, एक तारखेपासून जाणार. त्या 'हं' म्हणाल्या आणि सिरिंज, रबरी नळी, काड्या सगळं पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग म्हणाल्या, 'आता लेकीकडे जायला हरकत नाही.'

मी म्हटलं, 'माझी काहीच हरकत नाही.'

दोन्ही वाक्यांत ओठांची अक्षरं जवळजवळ नव्हतीच. तरी मला माझं वाक्य म्हणायला त्रास झाला.

१ जून, सोमवार

पहिला दिवस. दुपारपर्यंत जबडा दुखून कानापर्यंत कळ गेली. एका मुलाने माझा आवाज काढून दाखवला, मी काचेतून त्याला तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. त्यासाठी आता मला विशेष कष्ट पडत नाहीत. तो पळाला.

हॉर्नने गाडी आडवी लावली होती. या खेपेला मी केबिनमधून उतरले नाही. माईकवरूनच त्याचं टोपणनाव घेऊन, सभ्य शब्दांत, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं. गाडी सरळ झाली. टाळ्या पडल्या.

१२ जून, शुक्रवार

आज सासूबाई जायच्या होत्या. काल तिकीट काढलं, नणंदेला कळवलं. सकाळपासून दोघीही फार नीट वागत होतो. त्यांनी नळ घट्ट बंद केला, मी टीव्ही लावलाच नाही. फार कंटाळवाणी सकाळ गेली.

दुपारी माझ्यासोबतच स्टँडवर आल्या. चहावाल्याने त्यांना न विचारता कप दिला. हमालाने बाक पुसून दिला. म्हातारी माणसं कुठेही ओळख काढतात. मी केबिनमध्ये गेले. काचेतून त्या समोरच दिसत होत्या, निळी बॅग मांडीवर घेऊन.

त्यांची गाडी लागली. नणंदेच्या गावाच्या नावात एक ब आहे आणि एक म. सासरच्या माणसांचं सगळंच अवघड. मी डोकं वळवलं, माईक उजवीकडे घेतला आणि ते नाव घेतलं. ब उत्तम, म बरा. फलाट क्रमांक तीन. गाडी त्यांच्यापासून दहा पावलांवर. लोक चढायला लागले.

सासूबाई हलल्या नाहीत.

मी पुन्हा सांगितलं. त्या बॅगेची चेन लावत होत्या, उघडत होत्या. मला वाटलं, उन्हाने डुलकी लागली. तिसऱ्यांदा सांगितलं, गाडी सुटण्याच्या बेतात आहे, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात. मग न राहवून म्हटलं, 'निळी बॅग घेऊन बसलेल्या आई, ही तुमची गाडी आहे.' आई शब्द सगळ्या कर्ण्यांतून सगळ्या स्टँडवर गेला. चार-पाच बायकांनी वळून पाहिलं. सासूबाईंनी मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं. धूळ फार असते तीन नंबरवर.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी निघाली.

थोड्या वेळाने त्या माझ्या खिडकीशी आल्या, रांगेत उभ्या राहून, दोन माणसांच्या मागे.

'पुढची गाडी कधी?'

'उद्या. अहो, एवढं ओरडून सांगत होते, ऐकू नाही आलं?'

'कर्णे खरखरतात तुमचे. साहेबांना सांगते मी.' आणि परत बाकावर जाऊन बसल्या, माझी पाळी संपेपर्यंत.

घरी येताना बॅग कोणी उचलायची यावरून वाजलं. जिन्यापर्यंत वाजत होतं. फार दिवसांनी जबडा दुखला तरी थांबले नाही. नणंदेला फोन करून सांगितलं, गाडी चुकली. ती म्हणाली, मग उद्या पाठव.

'उद्या शनिवार,' सासूबाई आतून म्हणाल्या. 'फार गर्दी असते.'

'मग परवा,' मी म्हटलं.

'परवा तुझी सकाळची पाळी आहे. उठून डबा कोण करणार?'

त्यांचे कान एकदा डॉक्टरांना दाखवायला हवेत. आणि माझ्या पाळ्या त्यांना माझ्याआधी कशा कळतात, तेही एकदा विचारायला हवं. आज राहू दे. त्यांनी बॅग उघडून साड्या परत कपाटात लावायला घेतल्यात, आणि माझा कप्पा त्यांनी बळकावला आहे. आधी तो सोडवते.